ओतलेल्या गोण्या: शारजाला निघालेल्या सहाशे किलो कोष्ठाचं प्रकरण

दुपारी अडीचच्या सुमारास न्हावा-शेवा बंदरातून सीएचएच्या, म्हणजे कस्टम एजंटच्या, मुलाचा फोन आला. “ताई, नानांच्या गोण्या उघडल्यात. साहेब विचारतायत, बॉटॅनिकल नेम काय?”

“शिपिंग बिलात काय टाकलंय?”

“ड्राय हर्बल रूट.”

“आणि इनव्हॉइसवर?”

“कुस्त हिंदी.”

मी हातातला चहा खाली ठेवला. निर्यातीची कागदपत्रं करत मशीद बंदरात माझी बरीच वर्षं गेली. हळद, सुंठ, हिरडा, सोनामुखी असा माल अडला की एखादा शिक्का राहिलेला असतो, दोन दिवसांत सुटतो. हा सुटणार नव्हता. या मालाचा एकही कागद तोवर माझ्या नजरेखालून गेला नव्हता. नानांनी पुतण्याच्या भरवशावर तो परस्पर पाठवला होता.

नाना काष्ठौषधीचे व्यापारी. दुकान परळला, गोदाम वडगादीला. आजोबांनी जुन्नरहून येऊन धंदा सुरू केला, तेव्हापासून कोष्ठाची बरणी दुकानात आहे. घसा बसला की कोष्ठकोळिंजन मधात चाटवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. कोळिंजन वेगळं, कोष्ठ वेगळं, पण जोडनाव इतकं पक्कं झालंय की बऱ्याच गिऱ्हाइकांना ही एकच वस्तू वाटते. बाजारात याच कोष्ठाला उपलेट म्हणतात, ग्रंथात कुष्ठ. आखाती देशांत त्याला कुस्त हिंदी म्हणतात आणि इस्लामी परंपरेत त्याला मोठा मान असल्यामुळे तिथे कायम मागणी. शारजाच्या गिऱ्हाइकाने सहाशे किलो मागितले होते, तुकडे अंगठ्याएवढे जाड, एकसारखे.

आणि कायद्यातलं नाव आहे ‘कुठ’. हिमाचल-काश्मीरकडचं नाव, तेच सरकारी यादीत उतरलं. मराठी माणसाला ते नाव वाटतच नाही, प्रश्न वाटतो. पुढचे आठ-दहा महिने आम्हाला सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला: कुठलं?

मुळी आणि तिचा कायदा

शास्त्रीय नाव सॉसुरिया कॉस्टस, जुन्या कागदांत सॉसुरिया लॅप्पा. हिमालयात उंचावर येणारी, पुरुषभर वाढणारी वनस्पती. औषधी भाग मुळी. वाळलेली मुळी बाहेरून मळकट तपकिरी, सुरकुतलेली. मोडली की आतून फिकट आणि वास असा येतो की जुन्या पेटीतली लोकरीची शाल दमट हवेत बाहेर काढलीय. हा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. नाना डोळे मिटून कोष्ठ ओळखतात. कस्टमला नाक चालत नाही, हा भाग वेगळा.

या मुळीचा व्यापार फार जुना. दोन हजार वर्षांपूर्वी ती भडोचच्या बंदरातून रोमन साम्राज्यात जायची. पुढे काश्मीर संस्थानाने तिचा व्यापार आपल्या हातात ठेवला आणि 1921 मध्ये तिच्यासाठी खास कुठ कायदाच केला. मुळी खणायची म्हणजे झाडच संपतं. पानं तोडली तर पुन्हा फुटतात, इथे ती सोय नाही. रानातलं कुठ झपाट्याने आटलं. साइटिस हा वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार 1975 मध्ये अमलात आला, भारत त्यात 1976 मध्ये सामील झाला. कुठ आधी त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात होतं, 1985 मध्ये पहिल्या परिशिष्टात गेलं. पहिलं परिशिष्ट म्हणजे वाघ ज्यात आहे ते.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा 1972 चा. वनस्पतींचं प्रकरण त्यात 1991 च्या दुरुस्तीने आलं, प्रकरण 3-अ. सहाव्या अनुसूचीत मोजून सहा नोंदी होत्या: ऑर्किडच्या तीन, एक सायकस, मेघालयातलं घटपर्णी आणि कुठ. बाकीच्या पाचांशी मशीद बंदरचा काही संबंध नाही. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. वनस्पतींची यादी आता तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि साइटिसच्या याद्या चौथीत.

वन्यजीव कायद्यातली कलमं मी नानांना त्यांच्या गोदामात, वजनकाट्याशेजारी बसून वाचून दाखवली. 17-अ: रानातून उपटायचं नाही, जवळ बाळगायचं नाही, विकायचं नाही, वाहून न्यायचं नाही. जिवंत असो की वाळलेलं, अख्खं असो की तुकडा. स्थानिक आदिवासींना स्वतःच्या वापरापुरती सूट आहे, व्यापाऱ्याला नाही. 17-क: लागवड करायची तर परवाना. 17-ड: व्यापार करायचा तर परवाना, तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडून किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून. 17-ग: परवानाधारक विक्रेता सोडून दुसऱ्या कुणाकडून घ्यायचंच नाही.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अहो ताई, म्हणजे ती परळची बरणीसुद्धा?”

“ती बरणीसुद्धा, नाना.”

हा धंदा तीन पिढ्यांचा आणि यातलं एक अक्षर त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. एफडीएवाले येतात, जीएसटीवाले येतात, वजनमापाचे इन्स्पेक्टर येतात, प्रत्येकाची भाषा दुकानदाराला कळते. वन्यजीव खातं म्हटलं की त्याला बिबट्या आठवतो, उपलेट नाही.

माल कसा भरला होता

सहाशे किलो म्हणजे तीस-तीस किलोच्या वीस गोण्या. त्यातल्या आठ गोण्या, दोनशे चाळीस किलो, लाहौलहून आल्या होत्या. लाहौलमध्ये कुठाची शेती विसाव्या शतकाच्या विशीपासून होते. एके काळी तिथलं ते मोठं नगदी पीक होतं, पुढे बटाटा आणि वाटाण्याने त्याची जागा घेतली. बी पेरल्यावर दोन-तीन वर्षांनी, बर्फ पडायच्या आधी मुळ्या खणायच्या, धुवायच्या, कापायच्या, वाळवायच्या. नानांची गाठ तिथल्या एका शेतकऱ्याशी मनालीच्या सहलीत पडली होती. त्या भल्या माणसाने मालाबरोबर सगळे कागद पाठवले होते: लागवडीची नोंद, डीएफओचं, म्हणजे विभागीय वन अधिकाऱ्याचं, लागवडीचं प्रमाणपत्र, हिमाचल वन विभागाचा वाहतूक पास. नानांनी ते नीट घडी घालून गल्ल्याच्या खणात ठेवले होते, कारण त्यावर शिक्के होते. शिक्क्याचा कागद टाकायचा नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. ते कशाचे आहेत हे वाचलं कुणीच नव्हतं.

उरलेल्या बारा गोण्या इथल्याच एका घाऊक व्यापाऱ्याकडून घेतल्या. बिलावर लिहिलंय ‘उपलेट, 360 किलो’, जीएसटी क्रमांक, खाली सही. बस्स. त्या व्यापाऱ्याला आम्ही नंतर विचारलं, माल कुठला? त्याचं उत्तर: दिल्लीहून, खारी बावलीहून आला. तिथे कुठून? बहुतेक अमृतसरच्या मंडीतून. तिथे कुठून? तिथून पुढे तो हसला.

आता मूळ चूक. माझ्या मते प्रकरण इथे बिघडलं, परवाना नव्हता तिथे नव्हे. गिऱ्हाइकाला एकसारखे तुकडे हवे होते. म्हणून नानांच्या माणसांनी वीसच्या वीस गोण्या गोदामात ताडपत्रीवर ओतल्या. चुरा चाळून काढला, बारीक तुकडे बाजूला केले, जाड निवडले आणि नव्या गोण्यांत भरले. बाजारात याला माल एकजीव करणं म्हणतात आणि ते चांगल्या कारागिरीचं लक्षण मानतात. जिऱ्याला, धण्याला ते ठीक आहे.

सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराच्या कंटेनर गोदामात, नमुने काढले. आमच्या बाजूने पहिला युक्तिवाद मीच मांडला आणि तेव्हा मला तो बिनतोड वाटत होता: दोनशे चाळीस किलोचे पूर्ण कागद आहेत, लागवडीचा माल आहे, तेवढा तरी वेगळा धरा.

अधिकारी तरुण होता, आवाज चढवणारा नव्हता. त्याने गोण्यांच्या थप्पीकडे हात केला आणि विचारलं, “कुठले दोनशे चाळीस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. मालात पुष्करमूळही होतं. पुष्करमूळ, म्हणजे इन्युला रेसिमोसा, लाहौलमध्येच पिकतं, तिथे त्याला मनु म्हणतात. वाळल्यावर ते कुठासारखं दिसतं, म्हणून बाजारात एकमेकांत मिसळलं जातं. ते साइटिसच्या यादीत नाही. पुतण्याला यात आशा दिसली: म्हणजे तेवढा माल कायद्याबाहेरचा! पण तेवढा म्हणजे किती आणि कुठला? ताडपत्रीवर तोही एकजीव झालेला. शिवाय पुष्करमूळ निघाल्याने गिऱ्हाइकाला आपण शुद्ध कुस्त म्हणून काय पाठवत होतो, हा दुसराच प्रश्न उभा राहिला. नानांना लागलं ते हेच. दंडापेक्षा जास्त.

“उटणं जातं, मग हे का नाही?”

पुतण्याचा मुद्दा वेगळा होता आणि तो अनेकांच्या डोक्यात असतो म्हणून लिहिते. गिरगावातल्या त्याच्या ओळखीच्या एक बाई दर दिवाळीला दुबईला उटण्याची पाकिटं पाठवतात. उटण्यात जटामांसी असते, जटामांसीही साइटिसमध्ये आहे. त्यांना कुणी अडवत नाही. मग आम्हालाच का?

जटामांसी दुसऱ्या परिशिष्टात आहे, 1997 पासून, कुटकीही तशीच. दोन्हींच्या नोंदीला एक टीप जोडलेली आहे: किरकोळ विक्रीसाठी तयार, पॅक केलेलं उत्पादन असेल तर साइटिसचं बंधन नाही. म्हणून पाकिटातलं उटणं जातं. त्याच बाईंनी जटामांसीची मुळं गोणीत भरून पाठवली असती तर त्यांचीही गोणी आमच्या शेजारी उभी राहिली असती. पहिल्या परिशिष्टातल्या वनस्पतीला अशी टीप नसते. तिथे मुळी, पावडर, तेल, काढा, सगळं एकाच मापात. पुतण्याने कुस्त तेलाच्या छोट्या बाटल्यांची पुढची ऑर्डर घेऊन ठेवली होती, ती मी त्याच दिवशी रद्द करायला लावली.

याच्या जोडीला आपलं निर्यात धोरण आहे. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या यादीत 29 वनस्पती आहेत. कुठ आहे, जटामांसी, कुटकी, सर्पगंधा, रक्तचंदन आहे. रानातून आणलेला यातला कच्चा माल निर्यात करायचाच नाही. लागवडीचा असेल तर लागवडीचं प्रमाणपत्र आणि साइटिसमधली वनस्पती असेल तर वर साइटिसचा परवाना. कुठ पहिल्या परिशिष्टात असूनही शेतातलं कुठ परदेशी जाऊ शकतं, ते करारातल्या एका सवलतीमुळे: नियंत्रित लागवडीतून आलेली पहिल्या परिशिष्टातली वनस्पती व्यापारापुरती दुसऱ्यातली मानतात. म्हणजे दार बंद नाही. पण दारात उभा असलेला माणूस फक्त एकच विचारतो आणि ते तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल.

पुढे काय झालं

कस्टम कायद्याचं कलम 113(ड): निर्यातबंदी मोडून पाठवलेला माल जप्तीस पात्र. कलम 114: दंड मालाच्या किमतीच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. आम्ही नोटिशीला उत्तर दिलं, सुनावणीला नाना स्वतः आले, पांढरा सदरा घालून, लाहौलचे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घेऊन. कागद खरे आहेत हे कुणी नाकारलं नाही. पण ते त्या गोण्यांचे आहेत हे दाखवता आलं नाही. सगळे सहाशे किलो जप्त झाले. दंड तिप्पटीच्या जवळपासही गेला नाही, कारण लपवाछपवीचा हेतू दिसला नाही: इनव्हॉइसवर कुस्त हिंदी असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ज्या शब्दाने माल अडला, त्याच शब्दाने दंड कमी केला.

वन्यजीव कायद्याखालची चौकशी वेगळी, ती वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोच्या मुंबई विभागामार्फत सुरू झाली आणि मी हे लिहितेय तेव्हाही संपलेली नाही. तिच्याबद्दल जास्त लिहिणं बरं नव्हे. कलम 57 मात्र इथे सांगायलाच हवं, कारण ते वकिलांनाही पटकन आठवत नाही. अशी वस्तू तुमच्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं की ती बेकायदा आहे असं गृहीत धरलं जातं आणि कायदेशीर आहे हे दाखवायची जबाबदारी तुमची. सर्वसाधारण उल्लंघनाला कलम 51 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘उपलेट, 360 किलो’ एवढ्या बिलावर हे ओझं पेलत नाही.

माझी स्वतःची तक्रार आहे ती अशी. लाहौलचा शेतकरी लागवडीची नोंद करतो, डीएफओकडे खेटे घालतो, पास काढतो. खारी बावलीतून आलेला माल एका ओळीच्या बिलावर मुंबईत उतरतो आणि थोडा स्वस्तही पडतो. बंदरावर दोघांना एकाच तराजूत तोलतात, बाजारात मात्र कागद असलेल्याचंच नुकसान होतं. नानांनी बारा गोण्या इथून घेतल्या त्या किलोमागे वाचणाऱ्या काही रुपयांसाठीच, आणि हे ते स्वतः कबूल करतात.

गिऱ्हाईक सुटलं नाही, हे नशीब. थांबतो म्हणाला. पुढच्या हंगामात आम्ही उलट दिशेने सुरुवात केली. आधी नानांच्या व्यापारी परवान्याचा अर्ज. परवाना हातात आल्यावरच लाहौलला फोन, मुळ्या जमिनीत असतानाच. खणणीनंतर डीएफओचं प्रमाणपत्र, त्यावर शेताचा तपशील आणि वजन. वाहतूक पासावर तेच वजन. वडगादीत माल उतरला तो स्वतंत्र फळीवर, रजिस्टरात नोंद करून. निवड आणि चाळणी एकेका गोणीची वेगळी. चुऱ्याचंही वजन लिहिलं, कारण आलेलं आणि गेलेलं यातला फरक कुणीतरी विचारणारच. मग ब्युरोकडे साइटिस परवान्याचा अर्ज, त्यांची तपासणी, काही शंका, त्यांची उत्तरं. परवाना हातात आला की सहा महिन्यांचीच मुदत असते, म्हणून जहाजाची जागा आधी बघून ठेवली होती. फायटो (वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र), इनव्हॉइस, शिपिंग बिल, तीनही ठिकाणी शास्त्रीय नाव एकच, स्पेलिंगसकट. या वेळी दोनशे दहा किलोच गेले. सहाशेचा हट्ट नानांनीच सोडला.

हे सगळं चालू असताना एक दिवस मी गोदामात होते. नवीन लागलेल्या एका पोऱ्याने सवयीने ताडपत्री अंथरली आणि पहिली गोणी उचलून तिचं तोंड सोडलं. नाना माडीवर होते. एरवी ते जिना एकेक पायरी मोजत उतरतात, गुडघ्यांमुळे. त्या दिवशी कसे उतरले कुणास ठाऊक. “अरे ओतू नकोस!” असं ओरडत त्यांनी गोणी दोन्ही हातांनी धरली. बाहेरचा हातगाडीवाला थांबून बघायला लागला.

गेल्या महिन्यात परळच्या दुकानात गेले होते. फळीवर कोष्ठाची बरणी परत आली आहे, मागे भिंतीला फ्रेम केलेला परवाना. बरणीवर नानांच्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली: लाहौल, खाली शेताचा नंबर, त्याखाली पासाचा नंबर. दहा रुपयांचं कोष्ठ घ्यायला आलेल्या एका आजींनी चष्मा सारखा करून ती वाचायचा प्रयत्न केला.

“काय हो लिहिलंय हे?”

नाना पुडी बांधत म्हणाले, “त्याचं गाव, आजी.”